गंजलेला बिडाचा तवा भंगारात देऊ नका, घरीच असा साफ करा

पावसाळा सरला की माळ्यावरचं सामान खाली निघतं आणि त्यात हमखास एखादा बिडाचा तवा, नाहीतर आप्पेपात्र, नाहीतर आजीच्या वेळची कढई असते, अंगभर नारिंगी झालेली, हात लावला की बोटं लाल, आणि घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं की आता हे काय कामाचं नाही, भंगारवाला आला की देऊन टाकू. तर सगळ्यात आधी हेच सांगायचंय, देऊ नका. बिडाच्या भांड्यावरचा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, आतलं जाड लोखंड जसंच्या तसं असतं, आणि वरचा थर घरच्या घरी निघतो. हात टेकायची वेळ एकाच गोष्टीत येते, ती म्हणजे तडा. आरपार तडा गेलेलं भांडं तापवत राहिलं की तडा वाढत जातो आणि एक दिवस त्याचे दोन तुकडे होतात, ते खरंच भंगारातच द्या. बाकी गंज कितीही असू दे, बारीक खड्डे पडलेले असू दे, भांडं वाचतं.

कामाला लागायच्या आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते बघून घ्या. बीड म्हणजे वितळवून साच्यात ओतलेलं लोखंड, त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते कमी तापमानाला वितळतं आणि साच्यात छान भरतं, पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळ पण असतं, फरशीवर जोरात पडलं तर फुटतं. भांडं जड, जाड, पाठीला हात फिरवला तर दाणेदार लागतं, आणि कान किंवा दांडा त्याच ओतकामातला, वेगळा जोडलेला नसतो. रस्त्याकडेला घिसाडी लोक ठोकून बनवतात तो तवा वेगळा, तो पत्र्याचा, पातळ आणि हलका, पडला तर वाकेल पण फुटणार नाही. गंज दोन्हीला लागतो आणि काढायची पद्धत पण साधारण तीच, फक्त बिडाच्या बाबतीत एक भान ठेवायचं की एकदम तापवायचं नाही आणि तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही.

दुसरी तपासणी फडक्याची. पांढरं फडकं जरा ओलं करून तव्यावर घासा. लाल किंवा नारिंगी उठलं तर गंज, काळं उठलं तर ती जळलेल्या तेलाची आणि पिठाची काजळी, तिला गंज समजून आम्लात बुडवायची गरज नाही, गरम पाणी आणि घासणी बास आहे.

आता गंज म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन हे तिघं एकत्र आले की गंज तयार होतो, तिघातला एक जरी काढला तरी थांबतो. होतं असं की तव्यावर पाण्याचा थेंब राहिला की त्याच्याखाली बारीकसा विजेचा सेलच तयार होतो, लोखंडाच्या एका जागेवरून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्या जागेवर ते ऑक्सिजन आणि पाण्याला मिळतात, आणि सुटलेलं लोखंड शेवटी लाल ऑक्साइड होऊन बसतं. पाण्यात मीठ किंवा क्षार असले की वीज जास्त सहज वाहते, म्हणून गंज वेगानं वाढतो. ॲल्युमिनिअमवर पण ऑक्साइड येतो, पण तो घट्ट चिकटून खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही, तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, सुटतो, आणि टोस्टसारखा पाणी शोषून धरतो, म्हणजे एकदा आला की स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. म्हणून थोडा गंज आहे, चालतंय की, असं म्हणून ठेवून दिलेला तवा सहा महिन्यात दुप्पट खराब दिसतो.

मग आपल्या सोलापूरची हवा तर एवढी कोरडी, इथं कसा काय गंज लागतो असं वाटेल. इथं गंज हवेपेक्षा आपल्या मोरीत जास्त लागतो. पाणी काही दिवसाआड येतं, त्यामुळे बऱ्याच घरात भांडी जमवून एकदम घासायची सवय आहे, आणि तवा त्या टबात तासन् तास बुडून पडतो. ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे त्यांच्या पाण्यात क्षार वेगळे, नळाखाली पांढरे डाग पडतात ना, तेच क्षार तव्यावर पण वाळतात. आणि लोखंडी खलबत्ता तर बघायलाच नको, त्यात शेंगाचटणी कुटायची, मीठ-तिखटासकट, आणि घाईत तसाच ओल्या फडक्यानं पुसून ठेवायचा, सकाळी तळाशी लाल कडं आलेलंच असतं. भाकरीच्या तव्याची गोष्ट तर एकदम खास आपली आहे, तिच्याकडं खाली येतो.

गंज विषारी आहे का, हे सगळेच विचारतात. नाही. चुकून थोडा पोटात गेला तर निरोगी माणसाला काही होत नाही, शरीरात त्यातलं लोह फारसं शोषलं पण जात नाही. ज्यांच्या शरीरात लोह साठायचा आजार आहे त्यांनी मात्र लोखंडी भांड्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि गंजानं धनुर्वात होतो ही भीती पण अर्धवट आहे, धनुर्वात होतो तो मातीत, शेणात असणाऱ्या जंतूमुळे, तो खोल जखमेतून शरीरात जातो, गंज स्वतः तो आजार देत नाही. तरी गंजलेल्या तव्यात करू नका, कारण पदार्थाला धातूची चव येते, रंग काळपट होतो आणि सगळं चिकटतं.

आता काढायचं कसं. हलका गंज असेल, म्हणजे नुसती नारिंगी पावडर बसल्यासारखी, तर आम्ल-बिम्ल काही नको. दोन चमचे जाडं मीठ, थोडं तेल, आणि नारळाचा काथ्या किंवा तारेची घासणी, जोर लावून गोल गोल घासा, मीठ लाल होत जाईल, पुसा, परत घ्या. मीठ वापरलं म्हणून नंतर गरम पाण्यानं नीट धुणं मात्र आलंच. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो, त्याचा बारीक नंबर पण चालतो. पुष्कळ तवे एवढ्यावरच साफ होतात.

जाड, खवले सुटलेला गंज असेल तर व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं ते साधं पांढरं, त्यात साधारण 4 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. ते आणि पाणी समसमान घ्यायचं आणि भांडं त्यात बुडवायचं. आधी सुटे खवले तारेच्या घासणीनं खरवडून काढा, म्हणजे आम्ल खालपर्यंत लवकर पोचतं. मोठा तवा बुडवायला बाटल्यावर बाटल्या लागतील आणि पाणी पण वाया जाईल, त्यापेक्षा जुनं सुती फडकं त्या मिश्रणात पिळपिळीत भिजवून तव्यावर अंथरा, वरून प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे वाळणार नाही. आपल्याकडच्या पाण्याच्या हिशोबानं मला हीच पद्धत बरी वाटते. प्लास्टिकचं घमेलं असेल तर ठीक, ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात किंवा लोखंडी घमेल्यात हे करू नका, आम्ल त्यालाही खातं.

इथं घड्याळ बघायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ल आधी गंज विरघळवतं, पण गंज संपला की ते थांबत नाही, मग ते चांगलं लोखंड खायला लागतं. म्हणून रात्रभर बुडवून ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अर्ध्या तासानं फडकं उचलून घासून बघा, अजून लाल असेल तर परत अर्धा तास, असं करत जा. डोळ्यांनी ओळखायची खूण सांगते. सुरुवातीला मिश्रण तपकिरी-नारिंगी होत जातं आणि तव्यावर ओला लाल चिखल सुटतो, बोटानं सारला की खाली करडा रंग दिसतो. नंतर त्या करड्या जागेवरून बारीक बारीक बुडबुडे उठायला लागतात. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, आम्ल उघड्या लोखंडाला लागलं की ते येतात. भराभर दिसायला लागले की तवा बाहेर काढायची वेळ झाली. उरलेले एक-दोन लाल ठिपके हातानं घासून काढा, त्यांच्यासाठी सगळा तवा परत बुडवू नका.

व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, ते तर उलट जास्त चांगलं काम करतं कारण सुटलेलं लोह ते पाण्यात धरून ठेवतं, आणि वास पण येत नाही. चिंचेच्या कोळानं पण निघतो, पितळेची भांडी घासतो तसंच, पण हळू, त्यामुळे छोट्या डागांना ठीक आहे. आंबट ताकाचं पण तसंच. कोणतंही आम्ल वापरलं तरी शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा धुवा म्हणजे खड्ड्यात अडकलेलं आम्ल मरतं.

एक पद्धत अजून आहे, विजेची. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह टोक तव्याला आणि पॉझिटिव्ह टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला लावायचं, दोन्ही एकमेकांना न चिकटता बुडवायचं, मग गंज सुटत जातो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. खूप किचकट नक्षीचं किंवा फार जुनं भांडं असेल तर हीच सगळ्यात उत्तम. पण ज्याला विजेचं काम येतं त्यानंच करावं, मोकळ्या हवेत, कारण यात हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. आणि पट्टी म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट अजिबात लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरतात.

काय करायचं नाही तेही सांगते. बाथरूम साफ करायचं ॲसिड भांड्यावर ओतू नका. गंज झटक्यात जातो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याचे क्लोराइड खड्ड्यात राहतात आणि दोन दिवसात दुप्पट गंज येतो, शिवाय वाफा नाकातोंडात जातात आणि ते भांडं स्वयंपाकाचं आहे. तवा भट्टीत टाकून लाल करू नका, गंज जळत नाही, तो आधीच जळून झालेल्यासारखाच आहे, उलट तवा वाकतो नाहीतर चिरतो. ग्राइंडर मारून आणणारे पण आहेत, तवा आरशासारखा होतो आणि लोकांना आवडतो, पण चकतीनं खोल-उथळ चरे पडतात, मग उत्ताप्पा एका बाजूला जाड होतो, आणि गुळगुळीत केलेल्या जागेवर तेलाचा थर पण नीट धरत नाही. वर्कशॉपमधून करूनच घ्यायचं असेल तर ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावून करून घ्या. आणि एखादी जुनी कढई भंगाराच्या दुकानातून उचललेली असेल, पूर्वी तिच्यात काय व्हायचं ते माहिती नसेल, तर ती स्वयंपाकाला घेऊ नका, अशा कढयात कधी कधी शिसं वितळवलेलं असतं आणि ते घासून जात नाही.

गंज निघाला, तवा करडा दिसतोय, धुतला, आणि आता ठेवू कट्ट्यावर वाळत असं केलंत तर तुमच्या डोळ्यांसमोर पाच-दहा मिनिटात त्यावर नारिंगी झाक येते. घाबरू नका, तो गंज परत आला कारण लोखंड आत्ता पूर्ण उघडं आहे. म्हणून धुतल्या धुतल्या कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच मंद गॅसवर ठेवायचं, कडेचा आणि कानाच्या खाचेतला ओलावा उडेपर्यंत. झाक आलीच तर तेलाच्या फडक्यानं पुसा, निघून जाते.

आता तवा तयार करायचा. लोक इथंच कंटाळतात आणि मग महिन्यात गंज परत येतो. तेलाचा थर म्हणजे तेल लावून ठेवणं नव्हे. काही तेलं खूप तापली की हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर कडक, काळी, कोरडी कातडी तयार होते. ती पाणी खाली जाऊ देत नाही आणि पदार्थ चिकटू देत नाही. कोणतं तेल किती चांगलं जमतं ते त्याच्या आयोडीन व्हॅल्यूवरून कळतं, जितकी जास्त तितकं ते लवकर गुंततं. जवसाची 170 ते 200, करडईची 140 च्या आसपास, शेंगदाण्याची 85 ते 105, आणि खोबरेलाची 10 च्या आतबाहेर. म्हणजे खोबरेल तेल लावून तुम्ही कितीही तापवा, थर बसणार नाही, नुसतं चिकट राहील. जवसाचा थर कडक बसतो पण ठिसूळ, काही दिवसांनी पापुद्रे सुटतात असं पुष्कळांना दिसतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर करडई. आपल्या जिल्ह्यात ती पिकते, घाण्यावर तेल मिळतं, आणि याच गुणामुळे ती रंग आणि वॉर्निशमध्ये पण वापरली जाते. करडई नसेल तर शेंगतेल पण चालेल, फक्त दोन-तीन वेळा जास्त करावं लागेल.

तवा मंद आचेवर हाताला चटका बसेल इतका गरम करा, उतरवा, चमचाभर तेल टाकून पुढून, मागून, कडेला, कानाला सगळीकडं चोळा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि सगळं तेल पुसून काढा, तवा जवळजवळ कोरडा दिसेल इतकं. इथं हात आखडता घेऊ नका, जाड तेल राहिलं तर ते थेंबाथेंबानं गोळा होऊन चिकट डाग पडतात आणि ते काढायला परत पहिल्यापासून सुरुवात. फडकं साधं सुती घ्या, पंचाचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा, आपल्याकडं घरोघरी जुने टॉवेल असतात पण त्यांचे तंतू सुटून थरात अडकतात. आता खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, तवा गॅसवर ठेवून आच हळूहळू वाढवा. धूर यायला लागेल. येऊ दे, तवा फिरवत राहा म्हणजे कडा पण तापतील, आणि धूर कमी होत जाईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, ठेवा. गॅस बंद, तवा तिथंच गार होऊ द्या. हे तीन-चार वेळा. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल आणि तवा आत मावत असेल तर काम फारच सोपं, 230 ते 250 अंशावर उपडा ठेवून एक तास, आणि आतच गार होऊ द्यायचा. पहिल्या खेपेला रंग तपकिरी येतो, नंतर काळा होत जातो, आणि हात फिरवला तर कोरडा लागला पाहिजे, चिकट लागला तर तेल जास्त झालंय किंवा आच कमी पडलीय.

भाकरीच्या तव्याला मात्र हा सगळा खटाटोप फार टिकत नाही, आणि त्यात तव्याचा दोष नाही. ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतो, ते पाणी ओघळून कडेनं तव्यावर जातं, चर्र वाजतं, आणि कडेला रोज ओलावा. वर तेलाचा एक थेंब नाही, कोरडा तवा मोठ्या आचेवर सलग पाच-दहा भाकऱ्या होईपर्यंत तापलेला, त्यात थर जळून जातो. मग भाकऱ्या झाल्यावर करडा, उघडा पडलेला तवा आपण तसाच भिंतीला टेकवून ठेवतो. म्हणून भाकरीचा तवा आणि धपाटी-डोसे-उत्ताप्प्याचा तवा वेगळे ठेवा, हे मी अगदी आग्रहानं सांगते. भाकरीला घिसाड्याचा पत्र्याचा तवा सगळ्यात चांगला, पटकन तापतो, आणि भाकऱ्या झाल्या की गरम असतानाच पीठ झटकून तेलाचं फडकं एकदा फिरवलं की बास. बिडाचा तवा तेल लागणाऱ्या पदार्थांना द्या, धपाटी करता करताच त्याचा थर रोज थोडा थोडा वाढतो. सुरुवातीचे काही दिवस चिंचेची आमटी, टोमॅटोची भाजी असलं आंबट नव्यानं थर दिलेल्या बिडाच्या कढईत शिजवू नका, आणि पुढंही शिजवलं तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

साबण चालतो का, तर आताचं भांड्याचं लिक्विड दोन थेंब चालतं, थर निघत नाही. भिजत ठेवणं तेवढं टाळा. धुतलं, पुसलं, गॅसवर एक मिनिट, थोडं तेल, झालं. एकावर एक भांडी रचताना मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला, आणि माळ्यावर टाकायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत ओलावा कोंडतो.

खलबत्ता गंजला असेल तर त्याचं थोडं वेगळं आहे. गंज काढायची पद्धत तीच, पण आत तेलाचा थर देऊन उपयोग नाही, कुटताना तो निघून चटणीत येतो आणि लावून ठेवलेलं तेल खवट होतं. साफ करून गॅसवर किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग मूठभर कोरडे तांदूळ किंवा ज्वारी घालून कुटा, पीठ करडं निघेल, टाकून द्या, परत मूठभर घ्या, असं पीठ पांढरं निघेपर्यंत करा. मगच त्यात शेंगा कुटायच्या, आणि मीठ शक्यतो चटणी बाहेर काढल्यावर मिसळायचं.